लेथ थरथरतो, ठोकळा तडकतो

नाशिकच्या एका गृहस्थांनी विचारलंय ते थोडक्यात असं. त्यांनी लाकूड फिरवून कातायचा नवा लेथ घेतलाय. १२ इंच स्विंग (म्हणजे १२ इंच व्यासापर्यंतचा ठोकळा फिरतो), १ एचपीची सिंगल फेज मोटर, चार पायऱ्यांची पुली. स्टँड ओळखीच्या वेल्डरकडून अँगलचा करून घेतला. परसातला आंबा वादळात पडला, त्याच्या खोडाच्या आडव्या चकत्या कापून वाडग्यांसाठी ठेवल्या आणि महिन्याभरात एकूण एक चकती मधून फाटली. त्यातल्या त्यात बरी एक चढवली, तर मशीन थरथरत फरशीवर सरकायला लागलं. मग जुन्या चौकटीच्या सागाची लाटणी करायला घेतली, ती फरफरीत येतायत. मशीन फसवं निघालं का, आणि चांगला चक (ठोकळा जबड्यांत धरणारं साधन) घेतला तर हे सगळं सुटेल का?

चक आत्ता घेऊ नका, आणि दुकानदाराशी भांडायलाही जाऊ नका. चकत्या फाटणं आणि लाटणी फरफरीत येणं या ठोकळ्याच्या तक्रारी आहेत. मशीन सरकायला लागणं ही अर्धी स्टँडची, अर्धी पुन्हा ठोकळ्याचीच. लेथवर काम बिघडतं ते बहुतेक वेळा बटण दाबण्याच्या आधीच बिघडलेलं असतं. हत्यार हातात आल्यावर आपण फक्त त्याची फळं बघतो.

आधी दोष कुठे आहे ते वेगळं काढू. स्पिंडलवरचं, म्हणजे ठोकळा फिरवणाऱ्या दांड्यावरचं, सगळं उतरवा, टेलस्टॉक (समोरून ठोकळ्याला टेकू देणारा सरकता भाग) मागे सारा आणि लेथ रिकामा चालवा, सगळ्यात वरच्या वेगावर. बेडच्या, म्हणजे लेथच्या लांब पायाच्या, टेलस्टॉककडच्या टोकाला स्टीलचा पेला पाऊण भरून ठेवा. पाण्यावर बारीक तरंग उठले तर चालतं. पाणी हिंदकळलं तर बेल्ट काढून नुसती मोटर चालवून बघा. तरीही हिंदकळत असेल तर मोटरचे पाय सैल आहेत किंवा मोटरवरची पुली वाकडी आहे. मोटर शांत आणि बेल्ट चढवल्यावर हिंदकळतं, तर दोष बेल्टमध्ये किंवा दोन पुल्यांच्या रांगेत. बराच काळ एकाच जागी ताणून राहिलेल्या व्ही-बेल्टला कुबड येतं, हाताने फिरवला की बोटाला लागतं. रांग बघायला एक सरळ लोखंडी पट्टी दोन्ही पुल्यांच्या चेहऱ्यावर टेकवा, कुठे फट दिसते ते लगेच कळेल. आणि रिकामं मशीन शांत चालत असेल, माझा अंदाज आहे तसं, तर मशीनला दोष देणं थांबवा.

आता स्टँड. अँगलचा स्टँड वाईट नसतो, पण हलका असतो, आणि लेथला वजन लागतं. खालच्या बाजूला दोन आडव्या पट्ट्यांवर फळी टाका आणि तिच्यावर वाळूची पोती ठेवा. वाळू कोरडी हवी, प्लास्टिकच्या पोत्यात तोंड शिवून. ओल्या वाळूने स्टँड गंजेल. ७०-८० किलो वाळू टाकली तरी फरक हाताला जाणवतो. शिवाय वाळू थरथर गिळते, नुसत्या लोखंडाच्या वजनाला ते जमत नाही. पाय कशावर उभे आहेत तेही बघा. आपल्याकडे जुन्या घरात शहाबादी फरशी असते आणि तिच्याखालचा माल कुठे कुठे बसलेला असतो. हातोडीच्या दांड्याने चारही पायांखाली ठोकून बघा. जिथे पोकळ वाजतं तिथे पाय ठेवू नका. मशीन हातभर सरकवण्याने सुटणाऱ्या गोष्टीवर लोक रबराचे पॅड आणि अँकर बोल्ट घेत बसतात.

स्टँडला लेथ आवळताना एक गोष्ट हमखास निसटते. स्टँडचा माथा सपाट नसेल आणि तुम्ही चारही बोल्ट घट्ट आवळलेत, तर बेडला पीळ बसतो. बिडाचं ओतकाम असलं तरी बसतो. मग हेडस्टॉकचं (स्पिंडल बसवलेल्या भागाचं) टोक आणि टेलस्टॉकचं टोक एकमेकांना भेटत नाहीत. तपासणी सोपी आहे. दोन्हीकडे टोकदार सेंटर लावा, टेलस्टॉक पुढे आणून टोकं जवळजवळ टेकवा आणि वरून व बाजूने, दोन्हीकडून डोळा लावा. टोकांमध्ये फरक दिसला तर बोल्ट एकेक करून सैल करा. सैल करता करता टोकं जुळली, तर तो पीळच होता. ज्या कोपऱ्याखाली फट आहे तिथे पत्र्याचा तुकडा सारून पुन्हा आवळा. बोल्ट सैल असतानाही टोकं जुळत नसतील तरच तो कारखान्यातला दोष आहे, आणि तेव्हा दुकानदाराकडे जाण्याला अर्थ आहे. लाटण्यासारखं दोन सेंटरमधलं काम थोड्या फरकावर निभावतं. पण टेलस्टॉकमधून भोक पाडायचं असेल, तर भोक मोठं आणि वाकडं पडेल.

उंचीचा नियम एकच: नेहमीच्या चपला-बूट घालून सरळ उभे राहा, कोपर दुमडा, स्पिंडलचा मध्य कोपराच्या पातळीला किंवा इंच-दोन इंच वर यायला हवा. वेल्डरने टेबलाच्या हिशेबाने स्टँड केला असेल, तर तो तुम्हाला नक्की ठेंगणा पडतोय आणि संध्याकाळी कंबर धरत असेल. पायांखाली लाकडाचे ओंडके घाला, पुन्हा वेल्डिंग कशाला?

विजेबद्दल दोन गोष्टी. स्विच हेडस्टॉकवर असेल, तर तो ठोकळ्याच्या समोरून हात घालून बंद करावा लागतो, आणि ठोकळा सुटतो तेव्हा नेमक्या त्याच रेषेत सुटतो. स्विच टेलस्टॉकच्या बाजूला आणून घ्या. दुसरं म्हणजे नो-व्होल्ट रिलीजचा स्टार्टर लावा, म्हणजे वीज गेली की सुटणारा आणि परत आली तरी बटण दाबेपर्यंत बंद राहणारा. आपल्याकडे वीज जाते, माणूस चहाला जातो, वीज येते आणि साध्या स्विचवरचा लेथ कोणी नसताना गरगर फिरायला लागतो. हत्यार टूलरेस्टवर (हत्यार टेकवायच्या पट्टीवर) तसंच ठेवलं असेल तर ते कुठे जाईल याचा नेम नाही. अर्थिंग खरोखर आहे का, हे वायरमनकडून मोजून घ्या. तीन पिनांचा प्लग दिसला म्हणजे अर्थिंग आलं असं नाही.

वेगाचा ढोबळ हिशेब जगभरचे लेथवाले वापरतात तो असा: ठोकळ्याचा व्यास इंचात घ्या, त्याला फेऱ्यांनी गुणा, उत्तर ६००० ते ९००० च्या दरम्यान यावं. म्हणजे १० इंचाच्या वाडग्याला मिनिटाला ६०० ते ९०० फेरे. हे गोल झालेल्या, तोल सुधारलेल्या ठोकळ्यासाठी. ओबडधोबड ठोकळ्याची सुरुवात याच्या निम्म्यावर करायची. दीड इंची लाटण्याला हा हिशेब ४००० च्या वर जातो. तिथे तो सोडून द्या, १८०० ते २२०० पुरे. मोठ्या ठोकळ्याला वेग का जपायचा, ते आकड्यात बघा. १० इंची ठोकळा १४०० फेऱ्यांवर फिरतो तेव्हा त्याची कड ताशी ६७ किलोमीटरने धावत असते. ५०० वरून १४०० वर गेलं की तोल नसलेल्या बाजूचा हिसका जवळजवळ आठपट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. फरशीवर मशीन सरकायला लागलं ते यामुळे.

तुमच्या चार पायऱ्यांच्या पुलीचा सगळ्यात खालचा वेग किती आहे ते मशीनवरच्या पत्र्यावर बघा. अशा मशीनवर तो ५०० च्या आसपास किंवा वरच असतो, आणि मोठ्या ओल्या ठोकळ्याला तोही जास्त. पुढे मागे खर्च करायचाच असेल, तर तो चकच्या आधी इथे करा: थ्री फेज मोटर आणि घरच्या सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारं विजेचं यंत्र. मोटर घेताना तिच्या सहाही वायरी बाहेर काढलेल्या आहेत हे बघा, कारण ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेली छोटी मोटर या व्हीएफडीवर चालवायला डेल्टात बदलावी लागते (स्टार आणि डेल्टा या वायरी जोडायच्या दोन पद्धती). हे काम वायरमनचं. व्हीएफडी आला म्हणून पुलीच्या पायऱ्या मोडीत काढू नका. व्हीएफडीवर वेग खूप उतरवला की मोटरचा पंखाही मंदावतो, मोटर तापते आणि ताकद मिळत नाही. मोठ्या कामाला बेल्ट खालच्या पायरीवर आणि बाकीचा बदल व्हीएफडीवर, असंच ठेवायचं.

मशीनचं इतकं पुरे. खरं काम ठोकळ्यात आहे.

तुमच्या चकत्या का फाटल्या? कारण त्या फाटणारच होत्या. ओलं लाकूड वाळताना सगळ्या दिशांनी सारखं आटत नाही. खोडाच्या लांबीत जवळजवळ आटतच नाही. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत आटतं, आणि वर्तुळाकार वलयांच्या दिशेत त्याच्या साधारण दुप्पट आटतं. सागासारखं गुणी लाकूड गाभा ते साल अडीच टक्के आटतं, तर वलयांच्या दिशेत पाच टक्क्यांच्या वर. आता पूर्ण चकतीचा विचार करा. परीघ पाच टक्के लहान व्हायला बघतोय आणि त्रिज्या अडीच टक्केच लहान व्हायला तयार आहे. हा हिशेब जुळवायचा एकच मार्ग लाकडाकडे असतो: गाभ्यापासून सालीपर्यंत एक चीर. त्यातून चकतीचे दोन्ही चेहरे म्हणजे लाकडाच्या नळ्यांची उघडी तोंडं, तिथून ओल झपाट्याने उडते. चिकटवून, दोरीने आवळून, सावलीत ठेवून हे थांबत नाही. गाभा आत असलेली आडवी चकती हा वाडग्याचा ठोकळाच नव्हे.

वाडग्याचा ठोकळा खोड उभं चिरून निघतो. तुमच्याकडे आंब्याचं खोड अजून उरलं असेल तर असं करा. ओंडक्याचं टोक बरेच दिवस उघडं राहिलेलं असणार, तिथल्या चिरा आत किती गेल्यात ते बाहेरून दिसत नाही. टोकाकडचा सात-आठ सेंटीमीटरचा भाग कापून टाका. मग अर्ध्या सेंटीमीटरची एक पातळ चकती काढा आणि दोन्ही हातांनी वाकवा. केसाएवढी चीर असेल तिथे ती तोंड उघडेल. उघडली, तर आणखी थोडं कापा आणि पुन्हा चकती काढून वाकवा. निर्दोष लाकूड लागेपर्यंत कापत जा. इथे चिक्कूपणा केला की तीच चीर पुढे तयार वाडग्याच्या तळात भेटते.

मग खोडाच्या व्यासापेक्षा दोन-तीन सेंटीमीटर जास्त लांबीचे तुकडे करा, आणि प्रत्येक तुकडा गाभ्यातून उभा चिरून दोन अर्धकं करा. टोकावर एखादी मोठी चीर आधीच दिसत असेल तर करवत तिच्याच रेषेत धरा, म्हणजे ती चीर वाया जाणाऱ्या भागात जाते. दोन्ही अर्धकांच्या सपाट बाजूने आणखी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर काढून टाका. गाभा पूर्ण गेला पाहिजे, अर्धवट राहिलेला गाभा पूर्ण गाभ्याइतकाच घातक. हे सगळं सॉ मिलमध्ये करून घेता येतं. फक्त मिलवाल्याला ‘फळ्या नको, गाभा मध्ये धरून दोन फाका’ असं स्पष्ट सांगा आणि तो चिरत असताना तिथे उभे राहा, नाहीतर सवयीने तो फळ्याच पाडेल.

अर्धकाच्या सपाट बाजूवर पुठ्ठ्याची गोल चकती खिळ्याने ठोका आणि तिच्या कडेने बँडसॉवर फिरवा. बँडसॉ नसेल तर हातकरवतीने चार कोपरे उडवून अष्टकोन केला तरी भागतं. लेथला गोल करायला वेळ लागेल, पण तोल बराच सुधारलेला असतो. साल वाडग्याच्या बुडाकडे आणि सपाट बाजू तोंडाकडे ठेवा. अशा वाडग्यात वलयं तळाशी छान लंबगोल उमटतात.

आता सर्वांत महत्त्वाचं: कापल्या दिवशीच सील करा. दोन्ही उघडी टोकं, म्हणजे जिथे नळ्यांची तोंडं आहेत तो भाग, वितळलेल्या मेणाने माखा. मेणबत्त्यांचं पॅराफिन चालतं, पण ते थेट आगीवर नव्हे, गरम पाण्यात ठेवलेल्या डब्यात वितळवा. ते जमत नसेल तर पांढऱ्या फेविकॉलचे दोन जाड हात किंवा जुना तैलरंग. साल असलेली आणि सपाट बाजू उघडी राहिली तरी चालेल. ‘उद्या करू’ म्हणून ठेवलेला आंब्याचा ठोकळा एप्रिलच्या नाशिकच्या हवेत रात्रीत चिरतो.

पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं, तर हवेत वाळवण्याचा जुना ठोकताळा इंच जाडीला एक वर्ष असा आहे. चार इंची ठोकळ्याला इतकं कोण थांबणार? म्हणून वाडगा दोनदा कातायचा. ओला असतानाच आतून-बाहेरून ढोबळ कातून घ्या आणि भिंतीची जाडी व्यासाच्या एक दशांश ठेवा, १० इंची वाडग्याला १ इंच. तळही तेवढाच जाड, कारण भिंत आणि तळ वेगवेगळ्या वेगाने वाळले की चीर तिथेच पडते. मग तो कागदी पिशवीत त्याच्याच ओल्या ढलप्यांसकट ठेवा. पिशवी प्लास्टिकची नको, आत बुरशी धरते आणि आंब्याला तर निळे-काळे डाग पडतातच. वाडगा वाळताना अंडाकृती होईल, होऊ द्या. जादा जाडी त्यासाठीच ठेवलीय. वाळल्यावर पुन्हा चढवून गोल करायचा.

वाळला कधी हे कसं कळणार? मॉइश्चर मीटर असेल तर उत्तम, नसेल तर स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. ठोकळ्याच्या बुडावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहा. आठवड्याने पुन्हा तोला, खाली नवा आकडा लिहा. आकडे आधी भराभर उतरतात, मग हळूहळू, आणि एका जागी थबकतात. दोन-तीन आठवडे वजन हललं नाही की तुमच्या हवेला ते लाकूड बसलं. ‘तुमच्या हवेला’ हे मुद्दाम म्हणतोय. कोकणात आषाढात थबकलेलं वजन नाशिकच्या मे महिन्यात पुन्हा उतरायला लागतं. सावंतवाडीहून कुणी सुका म्हणून फणस पाठवला, तरी तो तुमच्याकडे काही आठवडे नुसता ठेवा, मगच शेवटचा हात फिरवा.

आता लाटणी. इथे रेषा लाटण्याच्या लांबीत धावली पाहिजे, हे तुम्हाला माहीत असेलच. पण ‘साधारण लांबीत’ आणि ‘खरोखर लांबीत’ यात फरक आहे. चौकटीचा साग करवतीने चिरलेला असतो, लाकडाच्या रेषेची पर्वा न करता. ठोकळ्याच्या बाजूला बघा: रेषा एका कडेने शिरून दोन वितींवर दुसऱ्या कडेने बाहेर पडत असेल, तर ते लाकूड लाटण्याचं नाही. गोल केल्यावर अर्ध्या भागात तुम्ही रेषेच्या बाजूने कापता आणि अर्ध्या भागात तिच्या विरुद्ध, आणि फरफर नेमकी त्याच बाजूला येते. तुमचं एखादं फसलेलं लाटणं हातात घेऊन फिरवा. फरफर सगळीकडे सारखी आहे की एकाच बाजूला? एकाच बाजूला असेल तर दोष रेषेचा. सगळीकडे असेल तर धारेचा, किंवा हत्यार कापण्याऐवजी खरवडतंय. सागात सिलिका असते, धार बघता बघता जाते. दर लाटण्याला एकदा तरी धार लावावी लागेल. आणि कापताना नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे, उताराने यायचं.

जुन्या लाकडात खिळे असतात. लोहचुंबक फिरवा, पण त्यावर विसंबू नका, आत खोल मोडलेला खिळा चुंबक पकडत नाही. सागात आणि बाभळीत लोखंडाभोवती काळपट निळा डाग पसरतो, तो शोधा. रंध्याने एक पातळ हात मारला की डाग लगेच दिसतो. तसंच ठोकळा दोन बोटांत सैल धरून दुसऱ्या लाकडाने टिचकी मारा. निर्दोष लाकूड खणखणतं, आतून चिरलेलं बद्द बोलतं. हा कान आठ-दहा ठोकळ्यांत तयार होतो.

दीड इंची लाटण्याला पावणेदोन इंची चौकोनी ठोकळा घ्या, लांबी हवी त्यापेक्षा दीड इंच जास्त. दोन्ही तोंडांवर कर्ण मारून मध्य काढा आणि पंचने खूण करा. ज्या टोकात स्पर सेंटर (ठोकळ्यात रुतून त्याला फिरवणारं दातेरी टोक) बसणार तिथे कर्णांवर हातकरवतीने दोन-तीन मिलीमीटर खोल खाचा द्या आणि स्पर लेथच्या बाहेर, ठोकळा जमिनीवर उभा धरून, लाकडी मोगरीने ठोकून बसवा. स्पर हेडस्टॉकमध्ये असताना ठोकायचं नाही, तो मार थेट बेअरिंगला जातो. चार कोपरे रंध्याने मारून अष्टकोन केलात तर पहिल्या मिनिटाची धडधड वाचते, आणि टवके उडणंही. टेपर, म्हणजे स्परचा स्पिंडलमध्ये बसणारा निमुळता दांडा, चढवण्याआधी कोरड्या फडक्याने पुसा. तिथे तेल लावणं हा उलटा उद्योग आहे, टेपर घर्षणानेच धरतो.

आता सुरुवातीला विचारलेला चक. लाटणी दोन सेंटरमध्येच होतात. वाडग्यालाही पहिली पकड फेसप्लेटची (स्पिंडलवर बसणाऱ्या, भोकं असलेल्या लोखंडी तबकडीची) घ्या, ती लेथबरोबर आलेलीच असेल. स्क्रू जाड दांड्याचे, ठोकळ्यात किमान पाऊण-एक इंच जाणारे वापरा, सगळ्या भोकांतून. पीओपीच्या कामाचे काळे ड्रायवॉल स्क्रू अजिबात नको, ते ठिसूळ असतात आणि बाजूच्या हिसक्याने डोकं मोडतं. फेसप्लेट लावली तरी बाहेरची बाजू कातेपर्यंत टेलस्टॉकचा टेकू सोडू नका. त्या निमित्ताने तोलही बघता येतो: बेल्ट सैल करून ठोकळा हाताने हलकेच फिरवा आणि सोडा. दर वेळी तीच बाजू खाली येऊन थांबत असेल तर ती जड आहे, सहसा ओल्या, सालीजवळच्या लाकडाची. तिथून आधी करवतीने, वाकसाने थोडं काढा, मग वीज.

पुढे चक घ्याल तेव्हा दोन मोजमापं घेऊन जा: स्पिंडलचा आटा आणि त्याचा व्यास. सव्वा इंच ८ टीपीआय (इंचाला आठ आटे) आणि एम३३ × ३.५ (३३ मिलीमीटर व्यास, ३.५ मिलीमीटरचा आटा) हे आटे दिसायला सारखे वाटतात, बसत एकमेकांवर नाहीत. चकसाठी वाडग्याच्या बुडाला जी गोल खुंटी ठेवायची, ती जबड्यांच्या खोलीपेक्षा किंचित आखूड असू द्या. खुंटीचं टोक आत टेकता कामा नये, तिच्या भोवतीचा खांदा जबड्यांच्या चेहऱ्यावर बसला पाहिजे. खुंटीचा व्यास वाडग्याच्या व्यासाच्या ४० टक्क्यांच्या आसपास धरा. खुंटीत चीर किंवा मऊ सालीजवळचं लाकूड आलं, तर दुसरी खुंटी करा. वाडगा उडतो तो खुंटीतून.

हत्याराबद्दल एकच, पण कडक. संचात आलेली रुंद, अर्धगोल रफिंग गाऊज फक्त लाटण्यासारख्या उभ्या रेषेच्या कामाला. वाडग्याला ती कधीही लावायची नाही. तिची मुठीत गेलेली शेपटी पातळ असते, आडव्या रेषेने हिसका दिला की ती तुटून पातं तोंडाकडे येतं. वाडग्याला सळईतून घडवलेली बोल गाऊज वेगळी मिळते. टूलरेस्ट लाकडापासून तीन-सहा मिलीमीटरवर, आणि बटण दाबण्याआधी ठोकळा हाताने एक पूर्ण फेरा. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड हवी, नुसता चष्मा नको. हातमोजे, सैल बाह्या, गळ्यातली माळ, मनगटावरचा दोरा, ओढणी यातलं काहीही अंगावर नको. लाकूड फिरत असताना हे सगळं खेचलं जातं, हातासकट.

शिकायला लाकूड कोणतं, तर परसातला आंबा वाईट नाही, नरम असतो आणि फुकट आहे. फक्त कैरीचा चीक अंगाला उठत असेल तर सांभाळा, त्या माणसाला आंब्याच्या ओल्या लाकडाचा आणि भुशाचाही त्रास होऊ शकतो. आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले. मास्क तर सगळ्यांनीच लावावा, शिसवाचा भुसाही अनेकांना बाधतो. आंब्याला भुंगा पटकन लागतो, साल ठेवून साठवू नका. कातायला मला स्वतःला हेद आवडतो: बारीक पोताचा, पिवळसर, धार सुरेख घेतो. शिवणीचं लाकूड वाळताना फारसं वेडंवाकडं होत नाही. सावंतवाडीची खेळणी पारंपरिकरीत्या पांगाऱ्याची, चन्नपट्टणची काळ्या कुड्याची. दोन्ही लाकडं हलक्या रंगाची, लाखेचा रंग वर खुलतो. पण लाखकाम घर्षणाच्या उष्णतेवर चालतं, त्यामुळे लाकूड खडखडीत वाळलेलं हवं, तुमच्या आत्ताच्या ठोकळ्यांवर ते करू नका. कण्हेरीचं लाकूड खाण्यापिण्याच्या वस्तूला कधीच नको, झाड विषारी आहे.

वादळात पडलेल्या झाडाचं लाकूड वापरायला हरकत नसावी, तरी महापालिकेच्या उद्यान विभागाला कळवून पोच ठेवा. शहरी भागात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम लागू आहे, आणि आंबा, फणस, साग ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमाच्या अनुसूचीतही आहेत. आपल्या परसातलं उभं झाड तोडायलाही परवानगी लागते.

फाटलेल्या चकत्या टाकू नका. चिरेच्या दोन्ही बाजूंचे भाग उभे फोडून, चिरेपासून दोन बोटं दूर राहून दोन-अडीच इंची चौकोनी तुकडे निघतात. त्यांत रेषा उभी मिळते आणि लांबी चकतीच्या जाडीएवढी. चकत्या चार इंची असतील तर भोवऱ्यांना तेवढी पुरते. मात्र हे तुकडेही वजन थबकेपर्यंत वाळू द्या, ओल्या लाकडात ठोकलेली भोवऱ्याची आर (खालचा खिळा) आठवड्यात सैल होते.